भांड्याची आतली बाजू

नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. तिच्यात तीन पिढ्यांची माणसं कशी मावतात हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तीन पिढ्यांची भांडी कशी मावतात हे माळा उपसल्याशिवाय कळत नाही. आक्कांच्या खोलीचा माळा उपसला तेव्हा शेजारच्या दोन बिऱ्हाडांच्या दारापर्यंत भांडी गेली आणि गॅलरीतून जाणारा-येणारा माणूस पातेल्यांतून वाट काढू लागला.

म्हाडाची नोटीस आली होती. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या चाळी पाडून टॉवर उभे राहायचे होते, खोलीच्या जागी 500 चौरस फुटांचं घर मिळायचं होतं आणि तोवर संक्रमण शिबिरात दिवस काढायचे होते. टेम्पो रविवारी येणार होता. त्याआधी टेम्पोत काय चढवायचं आणि भंगारवाल्याच्या काट्यावर काय घालायचं, हे ठरवायचं होतं. आणि घरात त्यावर एकमत होईना.

आक्कांचा थोरला बेस्टमधून निवृत्त झालेला. त्याचं म्हणणं, एकही भांडं द्यायचं नाही. "या पातेल्यांनी आपल्याला जगवलंय." सूनबाईला पितळेचा किलोचा भाव ठाऊक होता आणि तो सध्या बरा होता. नातसून डोंबिवलीची, लग्नाला तीन वर्षं झालेली, कडेवर वर्षाची होत आलेली छकुली. तिचं सरळ मत : जुनं सगळं बाहेर काढा. जुन्या भांड्यांतून विष उतरतं, असं तिच्या मोबाईलवर आलं होतं. कुठल्या भांड्यातून कुठलं विष, एवढं काही त्यात लिहिलेलं नव्हतं.

आक्का ऐंशीच्या पुढच्या, पाटण तालुक्यातल्या. स्प्रिंग मिलमधल्या साचेवाल्यांसाठी त्या याच खोलीत खानावळ चालवायच्या. पाळीप्रमाणे गडी जेवून जायचे, महिन्याला हिशेब व्हायचा. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना पहिल्यांदा बँकेचं कर्ज मिळू लागलं, तेव्हा आक्कांनीही अंगठा न उठवता सही केली आणि आलेल्या पैशातून दोन मोठी पितळी पातेली घेतली. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. गडी गावाला गेले, त्यांच्याबरोबर उधारीही गेली आणि मोठी पातेली माळ्यावर चढली ती आजवर.

तीन मतं ऐकून झाल्यावर आक्कांनी गॅलरीत चटई टाकायला सांगितली. मग टॉर्च, दोन लिंबं, जाड मीठ आणि एक पांढरं फडकं मागवलं.

"भायेरून बघू नका," त्या म्हणाल्या. "अन्न भायेर न्हाई लागत."

पहिली आली लोखंडी कढई. खालून-वरून काळीकुट्ट, आणि आत एका बाजूला तांबूस गंज. नातसून म्हणाली, "आजी, गंज आहे. धनुर्वात होईल." आक्कांना हसू आलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि जखमेतून शिरतात, कढईतल्या कांद्यातून नव्हे; पण हे आक्कांना कुठे सांगता येणार? त्यांनी जाड मीठ टाकलं आणि नारळाच्या शेंडीने कढई रगडायला घेतली. गंज गेला, खालचं लोखंड करड्या रंगाचं निघालं, सलग, कुठे खड्डा नाही की चीर नाही. मग ती पुसून गॅसवर चढवली, तेलाचं बोट फिरवलं, धूर येईतो तापवली, परत तेल लावलं. "ही माझ्या मागं पण राहील," त्या म्हणाल्या. "ह्यात चिंचेची आमटी तेवढी ठेवून देऊ नका. भाजी झाली की काढायची." कढई टेम्पोच्या ढिगात गेली. खोलीतलं सगळ्यात कुरूप भांडं ते, आणि ठेवायचं म्हणून पहिलं निघालं ते हेच.

जर्मलचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं पातेलं थोरल्याच्या लाडाचं. लहानपणी त्यात गोड भात व्हायचा. आक्कांनी ते फरशीवर ठेवलं तर डुलायला लागलं. बूड फुगलं होतं. आत टॉर्च मारला. आमटीने आणि कोकमाने वर्षानुवर्षं खाऊन खाऊन तळाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले होते. आक्कांनी नख फिरवलं, नख अडकत होतं. आंबट पदार्थ अॅल्युमिनियमला खातो, आणि भांड्यातून गेलेलं कुठे जातं हे विचारायला नको. "ह्याचं आयुष्य सरलं," एवढंच म्हणून त्यांनी ते दुसऱ्या ढिगात सरकवलं. थोरल्याने ते परत उचललं, आक्कांनी परत ठेवलं. असं दोनदा झालं.

मग सूनबाईची कढई. हिंडालियमची, चकचकीत, मागच्याच दिवाळीत हातगाडीवरून वजनावर घेतलेली. ना कंपनीचं नाव, ना कसला शिक्का. आक्कांनी ती उलटीसुलटी केली, बोटाने वाजवली, लिंबू लावून पुसली. फडक्यावर करडा डाग आला. तसा तो कुठल्याही अॅल्युमिनियमवर येतो, त्यावरून काही ठरत नाही.

"ही तर नवीन आहे, आई," सूनबाई म्हणाली.

"हिच्यात काय काय वितळवलंय ते मला कळत न्हाई. आणि मला कळत न्हाई ते मी चुलीवर ठेवत न्हाई."

सूनबाईला राग आला, आणि तो यायचाच. पैसे तिचे गेले होते. पण म्हातारीचा संशय वाया जाणारा नव्हता. अॅल्युमिनियमचं भंगार वितळवून केलेल्या भांड्यात शिसं राहून जाऊ शकतं आणि ते शिजवताना अन्नात उतरतं. 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने भारतातून गेलेल्या काही हिंडालियम भांड्यांबद्दल नेमका हाच इशारा दिला. ती भांडी कुणाच्या माळ्यावरची नव्हती, दुकानात मांडलेली होती. शिशाला सुरक्षित अशी मर्यादाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याचा पहिला मार लहान मुलांच्या मेंदूवर बसतो. ते पाहून कळत नाही, वासाने कळत नाही, चवीने कळत नाही. अशा वेळी भांडं कुणी केलं हे ठाऊक असणं, हाच काय तो आधार.

नातसुनेचा नॉनस्टिक तवा मात्र आक्कांनी स्वतःहून हातात घेतला नाही. "तूच बघ," म्हणाल्या. लग्नातली भेट होती. उलथन्याने मधोमध चरे पडले होते आणि एका ठिकाणी पापुद्रा सुटून खालचा पत्रा दिसत होता. असा पापुद्रा चुकून पोटात गेला तर बहुधा जसाच्या तसा बाहेर पडतो. धोका आहे तो रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरण्यात. 260 अंशांच्या पुढे तो थर बिघडू लागतो आणि आणखी तापला तर त्याचा धूर माणसालाही बाधतो. पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा तर जीव जातो. नातसुनेने तवा उन्हाकडे धरून पाहिला, काही न बोलता बाहेरच्या ढिगात ठेवला, आणि मग कुकरकडे वळली. कुकरचं बूड सपाट होतं, अंग चांगलं होतं. रबर मात्र वाळून कडक झालं होतं, आणि झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कुणीतरी कधीतरी फुटपाथवरचा बसवला होता. शिट्टी अडकली तर हाच वितळून वाफेला वाट देतो. तो खोटा असेल तर कुकर म्हणजे घरात ठेवलेला बार. रबर आणि व्हॉल्व्ह दोन्ही कंपनीचेच आणायचे ठरलं. कुकर राहिला.

इथवर येईस्तोवर नातसुनेचं मत पालटलं होतं. सकाळी ती जुनं सगळं फेकायला निघाली होती. दुपारी ती आजींच्या शेजारी मांडी घालून लिंबू चोळत बसली होती. लिंबाची गंमत तिला पितळेवर कळली. मोठ्या पातेल्याच्या आत लिंबू फिरवलं की जिथे कल्हई, म्हणजे कथिलाचा मुलामा, शाबूत होती तिथे रंग पांढुरका राही, आणि जिथे ती उडाली होती तिथे पितळ एकदम पिवळंधमक उजळे. तळाला पिवळ्याचं मोठं बेट होतं, काठाला हिरवट राप. "अशा भांड्यात ताक घातलं की कळकतं," आक्का म्हणाल्या. "मग उलट्या. कल्हई केली की भांडं परत अन्नाचं."

शनिवारी कल्हईवाला मिळाला. आता ते मिळतात कुठे? थोरल्याने भोईवाड्यापासून हिंदमातापर्यंत विचारत फिरून एकाला गाठला आणि चाळीच्या आवारात आणून बसवला. त्याने खड्डा करून कोळसे पेटवले, भाता जोडला. पोरं जमली. जमलेल्यांतल्या निम्म्यांनी हा प्रकार पहिल्यांदाच पाहिला असेल.

त्याने सांगितलेला भाव ऐकून सूनबाईने कपाळाला आठी घातली, तसा तो लगेच खाली उतरला. आक्का उठून उभ्या राहिल्या. खाली यायला त्यांना दोन जिने उतरावे लागले होते, आणि त्या उगाच उतरल्या नव्हत्या.

"भाव उतरला, मग कल्हईची काडी पण बदलशील. दोन्ही काड्या दाखव."

तो हसला. पिशवीतून त्याने दोन काड्या काढल्या. दोन्ही चंदेरी, एकसारख्या. आक्कांनी पहिली काडी उजव्या कानाशी धरली आणि दोन्ही हातांनी वाकवली. मऊ होती, मुकाट वाकली. मग दुसरी धरली. ती वाकताना आतून बारीक करकर ऐकू आली, जणू कोणी दातांखाली बारीक खडीसाखर चिरडतंय. त्यांनी ती नातसुनेच्या कानाशी नेली आणि परत वाकवली. "ऐकलंस? कथील ओरडतं. शिसं मुकं."

हे खरंच तसं आहे. शुद्ध कथील वाकवताना त्याच्या स्फटिकांची मांडणी झटक्यात बदलते आणि त्याचा हा आवाज होतो. शिसं बरंच मिसळलेलं असलं की तो विरतो. शिसं स्वस्त, आणि ते मिसळलेलं कथील लवकर वितळतं, म्हणून भाव पाडला की शिसं काडीत शिरतं. आणि वाईट हे, की शिसं मिसळलेली कल्हईही पहिल्या दिवशी चांगली लखलखते. चोख कामाच्या शेजारी ठेवली तर ओळखता येणार नाही.

"चोख लाव. पैसे पहिले सांगितलेस तेवढेच घे," आक्का म्हणाल्या.

पातेलं कोळशावर चढलं. तापल्यावर त्याने चिमूटभर नवसागर टाकला, पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि पोरं खोकत मागे पळाली. काडीचं टोक आत टेकवलं, कथील पाण्यासारखं पसरलं, आणि कापसाच्या बोळ्याने त्याने ते दोन-तीन झटक्यांत सगळ्या अंगाला फिरवलं. पिवळ्याचं बेट चांदीखाली गेलं. पातेलं बादलीत बुडवलं तेव्हा चर्र झालं. भाता थांबला.

नातसून तर भारावून गेली. तिने माळ्यावरची आणखी एक वस्तू आणली होती, वाटीपेक्षा थोडी मोठी पितळी तपेली. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं : आक्कांच्या आईचं, आणि पुढे साल 1966. "हिलाही करून घेऊ या, आजी. आता ही बाटलीबिटली नको. छकुलीचं दूध हिच्यातच तापवीन आणि हिच्यातच ठेवीन. तुमच्या आईची आठवण."

आक्कांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. तो दिसायलाच हवा होता. भंगारात निघालेलं माहेर आता पणतीच्या ओठांशी जाणार होतं. कल्हईवाल्याने हात पुढे केला.

"तिच्यात दूध नको," मागून आवाज आला. तळमजल्यावरच्या सिस्टर होत्या. परळच्या केईएममध्ये लहान मुलांच्या वॉर्डात त्यांची सारी नोकरी झाली होती. त्या कठड्याला टेकून कल्हई बघत होत्या.

"आता कल्हई करतोय ना," नातसून म्हणाली.

"आज केलीस. उडेल कधी, ते रोज कोण बघणार आहे? पाण्याचं वेगळं, पोरी. दुधाचं वेगळं." आणि सिस्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं. एके काळी आपल्याकडे दीड-दोन वर्षांची मुलं यकृताच्या एका आजाराने दगावायची. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं लागायचं, मग कावीळ, आणि मग काही चालायचं नाही. 1980 च्या दशकात पुण्याच्या केईएममध्ये, आपल्या परळच्या नव्हे, डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या मुलांचा माग काढला. त्यांच्या यकृतात तांबं भरलेलं होतं. आयांना विचारलं, बाळाला काय पाजता, कशात तापवता? आजारी मुलांच्या घरी पुन्हापुन्हा एकच उत्तर आलं : वरचं दूध फार लवकर सुरू केलेलं, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवलेलं. दुधातलं प्रथिन तांब्याला धरून ठेवतं, त्यामुळे साध्या पाण्यापेक्षा दुधात ते कितीतरी जास्त उतरतं; मोठ्या माणसाचं यकृत ते निस्तरतं, तान्ह्याचं नाही. आनुवंशिकतेचाही काही भाग असावा असं डॉक्टर म्हणतात. पण घराघरांत स्टील आलं, पितळी भांडी मागे पडली, आणि हा आजार वॉर्डातून जवळजवळ नाहीसा झाला.

सगळे ऐकत होते. आक्का मात्र तपेलीकडे बघत होत्या.

"दीड वर्षाचा व्हता," त्या म्हणाल्या.

थोरल्याला आपल्या पाठचा भाऊ अंधुक आठवत होता. घरात त्याचं नाव फारसं निघत नसे. मालकांच्या जेवणाचे हाल होतात म्हणून आक्का मुंबईला आल्या, तेव्हा तो चार महिन्यांचा होता. त्याला गावी सासूजवळ ठेवला होता. घरची म्हैस होती. आणि आक्कांनी आपल्याकडची सगळ्यात चांगली वस्तू त्याच्या दुधासाठी मागे ठेवली होती. गावात कल्हईवाला यायचा तो सुगीनंतर; पावसाळाभर कोणी फिरकायचं नाही.

"पोट फुगलं व्हतं. डोळं पिवळं." मग सिस्टरांकडे वळून : "ह्याच्यानंच का?"

सिस्टरांनी घाई केली नाही. "आता कोण सांगणार, आक्का? लिव्हरची दहा कारणं असतात. त्या वेळी डॉक्टरांनाही हे माहीत नव्हतं. तुम्हाला कुठून असणार?"

सूनबाईने हळूच तपेली घ्यायला हात पुढे केला. तिचा विचार भंगाराचा होता. थोरला म्हणाला, "असू दे, देव्हाऱ्यात ठेवू." आक्कांनी दोघांचंही ऐकलं नाही. भंगारवाला ती फोडेलच असं नाही, नाव घातलेली जुनी भांडी आता दुकानांतून हौसेने विकली जातात. आणि देव्हाऱ्यातली वस्तू पुढची कुठली सून दुधाला काढील, याचा नेम नाही. आजच एक काढायला निघाली होती, आणि तीही किती प्रेमाने!

त्यांनी तपेली कल्हईवाल्यापुढे ठेवली.

"हिच्या बुडाला भोक पाड."

तो गोंधळला. "मौसी, अच्छा माल है."

"म्हायतेय. पाड."

त्याने थोरल्याकडे पाहिलं, थोरल्याने आईकडे. मग त्याने तपेली पालथी घातली, छिन्नी टेकवली आणि हातोडीचे दोन घाव घातले. दोन्ही घावांना पितळ घंटेसारखं वाजलं. करंगळी जाईल एवढं भोक पडलं. आक्कांनी त्यातून करंगळी घालून बघितली आणि तपेली टेम्पोच्या ढिगात, कढईच्या वर ठेवली.

रविवारी टेम्पो गेला. मोठी दोन्ही पातेली, कढई, कुकर आणि ती तपेली बरोबर गेली. जर्मलचं पातेलं, सूनबाईची कढई आणि नॉनस्टिक तवा भंगारवाल्याने नेले. छकुलीचं दूध स्टीलच्या पातेल्यात तापतं. तपेलीत आता तुळस आहे. भोक पडलेलंच होतं, माती घालायला वेळ लागला नाही.

तुमच्या माळ्यावरही नाव घातलेली एखादी तपेली असेल. तिला चोख कल्हई करून घ्या, तिच्यात भात करा, आमटी करा, नाहीतर तुळस लावा. फक्त तिच्यात तान्ह्याचं दूध तापवू नका आणि ठेवू नका. आणि कल्हईवाला आला तर भाव करण्याआधी काडी कानाशी धरून वाकवायला सांगा.